ठरावात पेटी नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज जे कानावर आलं ते खरं निघालं तर आम्हाला घर सोडावं लागणार.

दुपारी शुभांगी अंगणात मोबाईलवर बोलत होती. शुभांगी माझी नात, तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.ला आहे, तिथल्या विद्यार्थी परिषदेवरही निवडून गेली आहे. ती म्हणाली, "निर्वसाहतीकरणाचा ठराव एकमतानं पास झाला. आता मागं हटायचं न्हाय." मी ओट्यावर शेंगा फोडत होतो. हात तिथंच थांबला.

वसाहत म्हणजे आमची ही. भूकंपात जुनं गाव पडलं, मग सरकारनं इथं माळावर एकसारखी घरं बांधून दिली. तीस वर्षं होऊन गेली तरी आम्ही ह्याला गाव म्हणत नाही, वसाहतच म्हणतो. आता निर्वसाहत म्हणजे काय? वसाहत नाहीशी करायची. तीही एकमतानं, आमच्याच नातीच्या हातानं. मी सातवीपर्यंत शिकलो आहे. एवढा शब्द मला फोडता येतो.

इरम्माला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरं काय घरं पाडत्यात व्हय? जेवा गुमान." माझ्या बायकोला कशाचंच काही वाटत नाही. मला घास उतरेना. गोरोबाला फोन करून टाकला.

७ जानेवारी, मंगळवार

गोरोबाला सांगायला नको होतं. आमच्या भजनी मंडळात तो पखवाजावर बसतो. पखवाज एक वेळ गप्प बसेल, हा बसायचा नाही. सकाळीच ग्रामपंचायतीपुढं गर्दी. कुणी घराचा उतारा घेऊन आलेलं, कुणी नुसतंच ओरडायला आलेलं. सरपंच म्हणाले, "मला वरून कसलाच कागद न्हाय. बातमी कुणाची?" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

शेवटी शुभांगीला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, ओठ दाबून धरले, मग समजावून सांगितलं. वसाहत म्हणजे ही नव्हे. गोऱ्या लोकांनी दुसऱ्यांचे मुलूख घेतले, त्याला पुस्तकात वसाहत म्हणतात. ते गेले, पण चांगलं काय, वाईट काय, ह्याची त्यांची मापं आपल्या डोक्यात राहिली. ती काढायची. म्हणून कॉलेजच्या संमेलनात आपल्या भागातल्या कलेला पहिला मान द्यायचा, असा ठराव आहे.

"मंजी घरं पाडणार न्हाईत?" धुरपदाबाईनं विचारलं.

"न्हाय आज्जी."

"मग दुरुस्ती तरी करतात का? माझं छत गळतंय."

लोक हसत हसत पांगले. गोरोबा मात्र दिवसभर मला 'निर्वसाहत आप्पा' म्हणत हिंडला. बातमी फिरवली त्यानं, नाव पडलं माझं.

१० जानेवारी, शुक्रवार

आज शुभांगीकडून ठराव वाचून घेतला. दरवर्षी जिल्ह्यातल्या एका कलावंताला 'कलागुरू' म्हणून मंचावर बसवायचं, शाल द्यायची, मुलांनी त्याच्या पुढ्यात बसून शिकायचं. सूचक शुभांगी, अनुमोदक कुणी नंदीश, तो परिषदेचा सचिव आहे.

ऐकता ऐकता मी जरा ताठ बसलो. मी मंडळात पेटी वाजवतो. मुरूम, नळदुर्ग, पार बसवकल्याणपर्यंत वाजवून आलो आहे. गाणारा मधे, माईक गाणाऱ्यापुढं, शाल गाणाऱ्याला. पेटीवाला बाजूला. पेटी नसती तर त्यांचा सूर कुठल्या शिवारात गेला असता ते मला ठाऊक आहे. असो. नातीनं ठराव मांडला म्हणजे तिच्या मनात काहीतरी असणार असं मला वाटलं.

"मग यंदा कोण?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"आज्जा, माझ्या प्रबंधाचा विषय तोच हाय ना, म्हणून आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या की आज्जीलाच बोलवू."

"कुठली आज्जी?"

"आपली. आज्जीच्या गाण्यांवरच लिहितीय मी."

इरम्माची गाणी! हळद लावताना, न्हाण घालताना बायका काहीतरी निम्मं कानडी निम्मं मराठी गुणगुणतात, ती. दोन ओळी, फार तर चार. इतक्या वर्षांत मी जेव्हा जेव्हा ऐकली तेव्हा चार ओळींत संपली. त्यावर एम.ए.?

शुभांगी म्हणाली, "कला कशाला म्हणायचं न् नुसती रीत कशाला म्हणायचं, हे दुसऱ्यानं ठरवून दिलं, आज्जा. ते आता आपण ठरवायचं."

मी म्हटलं, "इंग्रज तिकडं सोलापूरला. आपल्यावर निजाम होता. इंग्रजानं आपल्याला काय ठरवून दिलं?"

तिनं कपाळाला हात लावला. "म्हणून तर प्रबंधाचं दुसरं प्रकरण अडलंय."

तेवढा एक मुद्दा मी जिंकला. मग पेटीचं विचारलं. ती जरा घुटमळली. म्हणाली, "पेटी युरोपातून आली हो."

"मी सोलापूरहून आणली. एसटीत मांडीवर धरून."

"तुमची न्हाय ओ. पेटी म्हणून जी काय असती ती."

माझी पेटी परदेशी, आणि चुलीपुढची गुणगुण स्वदेशी. बरं आहे. मला हेवा नाही. न्याय असावा एवढंच.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली. गेले पाच-सहा दिवस रोज दुपारी आजी-नात आतल्या खोलीत. दार लोटून घेतात. शुभांगी म्हणते, "आज्जा, जरा पारावर बसून या ना, रेकॉर्डिंग हाय." माझ्या घरातून मला बाहेर काढतात आणि वर चहा करून घेतात, दोघींचाच.

काल गेलोच नाही. बाहेरच्या खोलीत पेटी काढली आणि अभंगाची चाल धरली. रियाज करायचा नाही की काय? थोड्या वेळानं शुभांगी बाहेर आली. रागावली नाही. म्हणाली, "आज्जा, सगळं तुमचंच आलं की ओ ह्यात."

"मग चांगलं झालं."

आतून इरम्मा हसली. तिचं हसणं हल्ली फार ऐकू येतं. आम्ही दोघं असताना ती इतकी हसत नाही. माझ्याशी ती डाळ संपली, सिलिंडर आलं, एवढंच बोलते. त्या मोबाईलशी मात्र तास-तास बोलते. मोबाईल तिला काय विचारतो, देव जाणे. मी कधी काही विचारलं असेल असं आठवत नाही, पण घरच्या माणसाला काय विचारायचं असतं?

२१ जानेवारी, मंगळवार

नंदीश पत्र घेऊन आला. पोरगा विनयी आहे, पायाला हात लावला. आधी इरम्माच्या, मग माझ्या.

पत्रावर 'कलागुरू श्रीमती इरम्मा महांतप्पा' असं छापलेलं. माझं नाव तिच्या नावामागं. रेशनकार्डावरही ते तसंच असतं, पण तिथं कधी टोचलं नाही.

मी त्याला म्हटलं, "गाण्याला साथ लागते. मी पेटी घेऊन येतो. पैसे वगैरे काही नको."

त्यानं शुभांगीकडं बघितलं. "आप्पा, ठरावात असं ठरलंय की गाणी जशी घरात म्हणतात तशीच मंचावर. वाद्य न्हाय."

"ठराव बदलता येतो. ग्रामपंचायतीत आम्ही दर महिन्याला बदलतो."

"सभा बोलवावी लागंल, आप्पा. सूचक, अनुमोदक..."

"सूचक ही बसलीय," मी शुभांगीकडं बोट केलं.

शुभांगी खाली बघत म्हणाली, "मी न्हाय मांडणार, आज्जा."

असं सरळ तोंडावर. परक्या पोरापुढं. इरम्मानं तेवढ्यात त्याला तिळाचा लाडू दिला आणि विचारलं, "बाळा, तिथं खुर्ची असती का खाली बसायचं? माझे गुडघे दुखत्यात." तिला एवढीच काळजी.

२४ जानेवारी, शुक्रवार

रात्री झोप नाही. पाचशे मुलं असणार, सगळ्यांच्या हातात मोबाईल. इरम्मा कानडीत काहीतरी म्हणेल, ही पोरं हसतील, ते सगळीकडं पसरेल. माझी बायको म्हणून मलाच काळजी, बाकी कुणाला आहे?

तिला तसं सांगितलं. बीपीचं सांगितलं. तिथल्या पायऱ्यांचंही सांगितलं, मी त्या पाहिलेल्या नाहीत, पण कॉलेज म्हटल्यावर पायऱ्या असतातच.

ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही म्हनताव तर न्हाय जात."

"मी कुठं नको म्हणतोय?"

"मग काय म्हनताव?"

मी म्हटलं, "बघ बाई, तुझं तू."

ती म्हणाली, "बरं," आणि देठं सुपात टाकत राहिली.

२८ जानेवारी, मंगळवार

नंदीशला फोन केला. इरम्माची तब्येत बरी नाही, यंदा दुसरं कुणी बघा, असं सांगितलं. खोटं नाही. बीपी आजार नाही तर काय आहे? पोरगा बिचारा हळहळला. म्हणाला, "ठराव तर झालाय आप्पा, दुसरं कोण मिळणार आता?" मी म्हटलं, "पेटीवालं कुणी चालत असेल तर सांग." पलीकडून फोन कट झाला. लाइन गेली असेल.

आता बरं वाटतंय. दोन भाकरी खाल्ल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

बरं वाटणं चार दिवस टिकलं. शुभांगी कॉलेजातून आली, पिशवी खाली ठेवली नाही, तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आज्जी, तुला काय झालंय?"

"मला? काय न्हाय की."

"परिषदेची तातडीची बैठक झाली आज. कलागुरू आजारी म्हणून ह्या वर्षी ठराव बाजूला ठेवायचा, असा दुसरा ठराव आला. माझ्यासमोर. मला माहीत न्हाय न् माझी आज्जी आजारी."

इरम्मानं हात पुसले. माझ्याकडं बघत म्हणाली, "मी आजारी व्हते व्हय? कुणी मला सांगितलं न्हाय."

मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"आज्जा," शुभांगी म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "दीड वर्ष झालं मला ह्यावर. मॅडमनी सांगितलं होतं, ज्या बाईवर लिहितीयस ती बाई मुलांपुढं आली तर प्रबंधाला अर्थ हाय, न्हायतर पुन्हा आपण तिच्याबद्दल तिच्या माघारीच बोलणार. तुम्हाला एवढं टोचत होतं तर मला सांगायचं."

मी म्हटलं, "टोचतं कशाला? मला काळजी वाटली."

इरम्मा चुलीकडं वळली. पातेलं उतरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "शुभा, त्या पोराला फोन लाव. मी बरी झाले म्हनावं."

पन्नासेक वर्षांच्या संसारात तिनं मला न विचारता ठरवलेलं हे पहिलंच. निदान मला कळलेलं पहिलंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज कॉलेजचं संमेलन झालं. आजचं आजच लिहून ठेवतो.

मी जाणार नाही असं जाहीर केलं होतं. दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. इरम्मानं मुलाच्या लग्नातलं हिरवं इरकल नेसलं होतं. घरात बसवेना. पुढच्या एसटीनं मी निघालो.

सभागृह भरलेलं. मी मागच्या दारातून आत गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. मंचावर खुर्ची, खुर्चीत इरम्मा, खांद्यावर शाल. माईक तोंडापुढं. ती गात होती.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. गुणगुण नव्हती ती. खालच्या पट्टीतून उचललेला, भरलेला, कडेला जरा फाटलेला आवाज. पेटीवर मी पट्टी शोधू लागलो, बोटं मांडीवर आपोआप हलली. सापडली नाही. काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे कुठंतरी ती चालली होती. पेटीवर त्या जागेला पट्टीच नाही. पोरं श्वास धरून बसली होती. आणि मला, काय सांगू, आनंद झाला नाही. माझ्या घरातला हा आवाज माझ्याआधी ह्या पोरांना मिळाला, ह्याचाच जळफळाट झाला.

मी दोन पावलं पुढं झालो. तिनं मला पाहिलं.

गाणं तिथंच थांबलं. ओळ अर्धी. तिनं पदर पुढं ओढला आणि खाली बघत बसली. विसरली असेल म्हणून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शुभांगी तिच्याजवळ वाकली. इरम्मा तिच्या कानात काहीतरी बोलली. मग शुभांगी मंचावरून उतरून, सगळ्या रांगा ओलांडून माझ्यापर्यंत आली.

"आज्जा, आज्जी म्हणती, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी? का म्हणून?"

"नवऱ्यादेखत ही गाणी म्हणत न्हाईत. तुम्ही असताना तिला गाता यायचंच न्हाय."

"आणि हे एवढे बाप्ये बसलेत ते? तो प्राध्यापक? तो नंदीश?"

शुभांगीला हसू आवरेना. "मी पण तेच विचारलं. म्हणाली, ते परके हायेत."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या होत्या, त्या दिवशी ग्रामपंचायतीपुढं वळल्या तशाच. मी बाहेर गेलो. मागं दार लोटलं गेलं.

सायकलस्टँडजवळ पाण्याची टाकी होती, तिच्या कठड्यावर बसलो. शिपायानं विचारलं, "बाबा, आत का न्हाय बसला? कार्यक्रम चांगलाय."

"गाणारणीचा मालक हाय मी."

"मग बाहेर?"

"म्हणूनच."

त्याला काही कळलं नाही. मला तरी कुठं कळत होतं? आतून गाणं पुन्हा सुरू झालं. दारं जाड, शब्द एक येईना. मग एकदम पोरं हसली. हसणं थट्टेचं नव्हतं, पोटातून आलेलं होतं. टाळ्या. पुन्हा गाणं. बराच वेळ चाललं होतं. चार ओळी कसल्या, चाळीस असतील एकेकात.

कठड्यावर बसून जुन्या गोष्टी आठवत गेल्या. पुतणीच्या हळदीला मी आत गेलो, गाणं संपलं. धाकट्याच्या बारशाला पाळण्याजवळ गेलो, गाणं संपलं. जुन्या गावात जात्याच्या खोलीत डोकावलो, गाणं संपलं. मला वाटायचं, मी पोचतो तेव्हा ते संपतच आलेलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल परतताना एसटीत ती खिडकीला, मी तिच्याशेजारी, शाल आणि नारळ माझ्या मांडीवर. मी विचारलं, "मी गेल्यावर पोरं हसली ती कशाला?"

"गान्यात हसायचंच व्हतं."

"माझ्यावर होतं का?"

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "दुसरं कोन हाय मला, ज्याच्यावर करू?" आणि झोपून गेली.

सकाळी गोरोबा आला. "काय आप्पा, पेटीवाल्याचं गाणं कॉलेजात गाजलं म्हनं!"

"कुठलं पेटीवाल्याचं गाणं?"

"अरं, तुझ्यावरचं! सगळ्या वसाहतीच्या बायकांना पाठ हाय. आमची तर भाकरी थापताना हेच म्हनती. तुला खरंच ठाऊक न्हाय?" तो ओट्यावर टेकला. "म्हनून दाखवू का? लई बेस हाय."

"गोरोबा, तोंड उघडलंस तर पखवाज फोडीन तुझा."

तो हसत गेला. पण माझी अख्खी सकाळ जळाली. गोरोबाला पाठ आहे! धुरपदाबाईला पाठ आहे, आता पाचशे पोरांना पाठ. ज्याच्यावर आहे तो एकटाच कोरा.

दुपारी शुभांगीनं मोबाईल माझ्याजवळ आणून ठेवला. "आज्जीला विचारलं मी. ऐकवू का म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांची मर्जी. इथं दाबायचं, आज्जा." एवढं बोलून ती प्रबंध लिहायला आत गेली. दुसरं प्रकरण सुटलं म्हणे. निजामाचं काहीतरी जमलं.

मोबाईल इथं ओट्यावर आहे. दोनदा बोट नेलं. तिसऱ्यांदा तो पालथा करून ठेवला. माझ्यासमोर तिनं थांबवलेलं गाणं ह्या डबीकडून ऐकायचं, तर गोरोबाचं काय वाईट होतं?

चार वाजून गेले. चहाची वेळ टळली. डोकं चढलंय. एरवी मी आत जाऊन विचारलं असतं, पण आत ती डाळ पाखडतेय आणि गुणगुण सुरू झाली आहे. पाचवी ओळ झाली. सहावी. शब्द नीट येत नाहीत, 'पेटी' एवढं मात्र एकदा आलं, नक्की आलं. गोरोबाला जे ठाऊक आहे तेच हे की दुसरं, कळायला मार्ग नाही. अंगणातून कोंबडी आली तिला हातानंच हाकललं, तोंडानं नाही. पाय अवघडलाय, हलवत नाही. ह्या पेनाची कागदावर करकर होते. इथंच थांबतो.